अठरा साड्यांचं इंटरनेट

रागाच्या भरात कोणी ताट आपटतं, कोणी माहेरी निघून जातं. मी रागाच्या भरात इंटरनेटची कंपनी काढली. कंपनी हा शब्द आमच्या यांचा. मी त्याला उपद्व्याप म्हणायचे.

तेव्हा माझं सुरतेत, पर्वत पाटिया भागात एसटीडी बूथ होतं. काचेचं एक खोकं, दोन फोन, एक लाकडी स्टूल आणि मी. लोकांच्या खिशात मोबाइल यायला लागले होते, त्यामुळे बूथवर यायची ती बहुतेक अशी माणसं, ज्यांना फोन करायचा नसून ज्यांचा फोन येणार असायचा. आबा त्यातलेच. आमच्याच गल्लीत राहायचे, आमच्याच तालुक्यातले. नात्याने आमचे कोणी नव्हते, पण सुरतेत खानदेशचा माणूस दोन गल्ल्यांच्या आत राहत असेल तर त्याला नातेवाईक धरायचं असा आमच्याकडे रिवाज आहे.

आबा कडोदऱ्याला लूमच्या खात्यात मास्तर होते. खातं म्हणजे लूमची शेड, आणि मास्तर म्हणजे मशिनी दुरुस्त करणारा. चाळीस वर्षं त्या खडखडाटात काढली आणि कान पार गेले. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर ते मान हलवायचे, पण ती आपल्याला बरं वाटावं म्हणून. बायको वारलेली. एकुलती एक मुलगी, ती लग्न होऊन बंगळुरूला गेलेली. जावई कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, हे आबांचं अख्ख्या गल्लीला सांगून झालं होतं.

दर रविवारी सकाळी अकराला मुलीचा फोन यायचा. यायचा आबांसाठी आणि घ्यायचे मी. ती म्हणायची, “बरं आहे सगळं, आबांना सांगा.” मी पाटीवर खडूने लिहायचे, “बरं आहे सगळं.” आबा वाचायचे आणि मग मला विचारायचे, “आवाज कसा व्हता तिना?” आता आवाज पाटीवर कसा लिहायचा? मी लिहायचे, “छान.” खरं तर आवाज छान नव्हता. दर रविवारी तेच वाक्य, त्याच क्रमाने, एक मिनिटाच्या आत, आणि मागे कोणीतरी घसा खाकरायचं. पत्रं यायची ती जावयाच्या अक्षरात. तिला वेळ मिळत नाही, असं त्या पत्रातच लिहिलेलं असायचं.

आबांना संशय होता. पण नुसत्या संशयावर लेकीच्या दारात जाऊन उभं राहायचं, आणि तिथे सगळं खरंच बरं निघालं तर? त्यांनी दोनदा येतो म्हणून कळवलं, दोन्ही वेळा जावयाचं उत्तर आलं की सध्या घर लहान आहे, मोठं घेतलं की बोलावतो. आणि तिला काही होत असेल तर ती ते फोनवर मला कशी सांगणार? मी तिची कोण?

एका रविवारी फोनवर जावईच आला. गोड बोलत होता. म्हणाला, “ताई, हे एसटीडीचं जुनाट काम सोडा आता. आमच्याकडे कॅमेरा आहे, इंटरनेटवर समोरासमोर बोलता येतं. पण तुमच्या तिकडे असलं काही असेल असं वाटत नाही.” आणि हसला.

आमच्या तिकडे! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, “आहे की. कधीचंच आहे. तुम्ही कॅमेरा तयार ठेवा.” आणि फोन ठेवला.

आमच्याकडे काहीही नव्हतं. शिलाईच्या क्लासच्या वरच्या मजल्यावर मी तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, त्यात कॉम्प्युटर उघडायला, साफ करायला आणि बंद करायला शिकवलं होतं. एवढ्या भांडवलावर मी थाप मारली होती. मी पाटीवर आबांना लिहून सांगितलं की कॅमेऱ्यावर मुलगी दिसेल, थोडा वेळ लागेल. आबांनी पाटी दोनदा वाचली. मग म्हणाले, “मले तिना हात देखना शेतस. ती तोंडघाई खोटं बोलस. हातघाई तिले जमत नही.”

आमच्या अहिराणीत तोंडघाई म्हणजे तोंडाने आणि हातघाई म्हणजे हाताने, पण हाताने बोलायचं कसं, हे मला आमच्या यांनी समजावलं. लूमच्या खात्यात कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नाही, म्हणून कारीगर हाताने बोलतात. चहा आला, बॉबिन संपली, शेठ आला, धागा तुटला, प्रत्येकाला खूण. आमचे हेही त्याच खात्यात कारीगर, घरीसुद्धा मीठ हवं असलं की हात हलवायचे, मी वैतागायचे. आबांची मुलगी लहानपणी रोज बापाचा डबा घेऊन खात्यात जायची. आबांचे कान गेले तेव्हापासून बापलेक घरातही हातानेच बोलत आले. म्हणजे गेलं दीड वर्ष आबा आपल्या मुलीशी बोललेच नव्हते, आणि मी पाटीवर “छान” लिहीत बसले होते. त्या दिवशी मला माझीच चीड आली.

तर इंटरनेट. आमच्या गल्लीमागे खाडी आहे; तिच्या पलीकडे जाडी लाइन, म्हणजे ब्रॉडबँड, मिळत होती, अलीकडे मिळत नव्हती. का मिळत नाही हे विचारायला मी चार खेपा घातल्या, दर वेळी वेगळं कारण मिळालं. एकदा खांब नाही, एकदा खांब आहे पण जागा नाही. शेवटी मी ठरवलं की लाइन पलीकडे घ्यायची आणि वायर टाकून अलीकडे आणायची. पलीकडे माझ्या ओळखीच्या एक मासी होत्या. अस्सल सुरती, खमणाचा घरगुती धंदा, आवाज एवढा की खाडी ओलांडून यायचा. त्या म्हणाल्या, लाइन माझ्या नावावर घे, मने शुं वांधो छे? फक्त त्यांच्या घरात एकच सॉकेट रिकामं होतं, स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी. म्हणजे ते रिकामं नव्हतंच. मिक्सरचंच होतं, मिक्सर चालू नसला की रिकामं असायचं. हे मला नंतर कळलं.

कोर्समधल्या सरांना मी विचारून आले होते की ही वायर किती लांब चालते. सर म्हणाले, शंभर मीटर, त्यापुढे नाही. आबांना मीटर पटेना. त्यांनी हिशेब केला, साडेपाच मीटरची एक साडी, अठरा साड्या म्हणजे नव्व्याण्णव. “अठरा साड्या,” त्यांनी सगळ्यांना बजावलं, “एकोणिसावी साडी लागनी की इंटरनेट मरी जास.” पुढे आमच्या कामात हेच माप रूढ झालं. गिऱ्हाईक विचारायचं, आमच्या घरापर्यंत येईल का, आणि मी म्हणायचे, तुम्ही बावीस साड्यांवर आहात, मध्ये एक डबी बसवावी लागेल. लोक मान डोलवायचे. मीटरमध्ये सांगितलं असतं तर कोणी विश्वास ठेवला नसता.

मासींच्या गच्चीपासून आमच्या गच्चीपर्यंत सोळा साड्या. मध्ये खाडी, काळं पाणी, काठावर बाभळी. वायर पलीकडून अलीकडे आणायची कशी? फेकून येईना. होडी त्या पाण्यात कोण घालणार? तिढा मासींनीच सोडवला. त्या वयाच्या साठीत पतंग उडवत आणि गल्लीतल्या कोणाला ऐकत नसत. पदर खोचून त्या गच्चीवर चढल्या आणि पतंग सोडला. तो खाडीवरून आमच्या डोक्यावर आणला आणि ढील देऊन आमच्या पाण्याच्या टाकीवर बरोबर उतरवला. मग पतंगाच्या दोऱ्याला सुतळी बांधली, आम्ही ओढली. सुतळीला नायलॉनची दोरी, दोरीला वायर. आबा अलीकडे उभे राहून लूमवर सुताचा बीम गुंडाळावा तशी एका तालात वायर ओढत होते. वायर आली! मी आनंदाने ओरडले, मासी पलीकडून, पतंग कापल्यावर ओरडतात तशा ओरडल्या, “काइपो छे!” आणि मग लक्षात आलं की वायरीचं पलीकडे राहायला हवं होतं ते टोकही आलं आहे. मासींनी ते कशालाच बांधलं नव्हतं. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

दोन आठवडे ती वायर चालली. तेवढ्यात मी अकरा घरांना इंटरनेट देऊन मोकळी झाले, कारण एकटीला ती लाइन परवडत नव्हती. मग एके सकाळी खाडी साफ करायला जेसीबी आला आणि त्याने हात वर केला. बस. वायर मधोमध तुटली.

वायर तुटली की टाकून नवी टाकायची, असं सरांनी शिकवलं होतं. नवी आणायला मी बाजारात गेले, परत आले तर आबा मासींकडचा तुकडाही सोडवून आणून गच्चीवर मांडी घालून बसलेले आणि वायर सांधलेली. त्या वायरीच्या पोटात आठ बारीक तारा असतात, चार रंगांच्या जोड्या. आबांनी रंगाला रंग लावून आठही तारांना एकेक विणकराची गाठ मारली होती. लूमवर तुटलेला धागा सांधतात ती गाठ. बोटावरून बोट गेलं की बसते आणि कापडात दिसतही नाही. वर छोट्या कातरीने टोकं छाटली होती. इतकं सुबक काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. फक्त तारांवरचं प्लास्टिक तसंच ठेवलं होतं.

मी पाटीवर लिहिलं, “आतून तांबं जातं, प्लास्टिक काढावं लागेल.” आबांनी पाटीकडे आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गाठच चुकीची म्हणाले आहे. “चाळीस वरीसमा मनी गाठ उकलनी नही,” ते म्हणाले. मी म्हटलं, गाठ उत्तम आहे हो, पण वीज आतून जाते! ते ऐकू आलं नाही हे बरं झालं, कारण मी बरंच काही बोलले. शेवटी त्यांनी आठही गाठी सोडल्या, प्लास्टिक सोललं, आणि नुसत्या तांब्याच्या त्याच गाठी पुन्हा मारल्या. कोर्सच्या कुठल्याही पुस्तकात हे बसत नाही. पण वायर पुन्हा खाडीवरून टाकली आणि इंटरनेट चालू झालं. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, शक्यच नाही, आणि आपल्या अशक्यतेवर ठाम राहिले.

मग डबीचं प्रकरण. वायरी वाटणारी एक डबी असते, हिरवे दिवे लुकलुकत असतात. ती आमच्या गच्चीवर ठेवायची होती. सुरतचा उन्हाळा, गच्चीचा पत्रा. आधी मी ती पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात ठेवली, तिसऱ्या दिवशी तिचं झाकण वाकलं. आबांनी माठ आणला. माठ आडवा ठेवला, आत डबी, माठाला बाहेरून ओलं फडकं. डबी थंडगार राहिली. मी खूश. आणि चौथ्या दिवशी अकराच्या अकरा घरांचं इंटरनेट गेलं. वर जाऊन पाहते तर कोणीतरी माठ सरळ उभा करून काठोकाठ पाण्याने भरला होता, आणि त्यावर एक साळुंकी बसली होती. खालच्या मजल्यावरच्या आजी रोज गच्च्यागच्च्यांवर पक्ष्यांसाठी पाणी ठेवतात. रिकामा माठ दिसला, त्यांनी भरला. मी भांडायला गेले तर म्हणाल्या, “बिचारां पंखीओने पाणी तो जोईए ने!” आता यावर काय भांडणार? आत डबी आणि तिच्या वायरी दिसल्या नाहीत का, असं विचारलं तेव्हा म्हणाल्या, दिसल्या, मला वाटलं पाणी थंड करायचं मशीन आहे. दुसरी डबी आणली. शेजारी दुसरा माठ ठेवला, फक्त पक्ष्यांचा.

एवढं सगळं झाल्यावर, आता कॅमेरा. जुन्या बाजारातून एक मिळाला, त्याला स्प्रिंगचा पाय होता, तो मान टाकायचा. त्याच्या मानेला मी पेन्सिल बांधली. जावयाला फोन करून रविवारी अकराची वेळ ठरवली. तो म्हणाला, “अरे वा, तुमच्याकडे खरंच आहे?”

पहिल्या रविवारी अकराला पाच मिनिटं असताना इंटरनेट गेलं. गच्चीवर धावले. मासींच्या गच्चीकडे हाका मारल्या. मासी बाहेर आल्या, हात पिठाचे, आणि मिक्सर फिरवल्याची खूण केली. चटणी. रविवारी सकाळी सुरतेत खमण खातात, खमणाला चटणी लागते, चटणीला मिक्सर लागतो, मिक्सरला सॉकेट लागतं. “मासी, आज नको! आज फोन आहे!” मी ओरडले. “चटणी वगर खमण कोण खाय?” असं त्या ओरडल्या, आणि त्यांचंही खरं होतं, वीस गिऱ्हाइकं दारात उभी. मला कळेना की मासींवर चिडायचं की खमणावर. आबा तोवर नवा सदरा घालून कॅमेऱ्यासमोर बसून होते. साडेबाराला उठले.

दुसऱ्या रविवारी चटणी आदल्या दिवशीच वाटून घेतली, मी स्वतः पलीकडे जाऊन वाटली. इंटरनेट होतं. चित्र आलं. पण त्या बाजूच्या कॅमेऱ्यात छताचा पंखा दिसत होता, आणि इकडे अकराच्या अकरा घरं रविवारची गाणी उतरवून घेत होती, त्यामुळे तो पंखा एका जागी थांबलेला. आबांनी त्या थांबलेल्या पंख्याकडे वीस मिनिटं पाहिलं. मग मला विचारलं, “तिकडे लाइट गयी का?”

तिसऱ्या रविवारची मी लढाईसारखी तयारी केली. अकरा घरी जाऊन सांगितलं, अकरा ते साडेअकरा कोणी इंटरनेटला हात लावायचा नाही, आबांची मुलगी दिसणार आहे. सगळे लगेच तयार झाले. मला भरून आलं, माणसं चांगली असतात वगैरे. अकराला दहा मिनिटं असताना कळलं, सगळे तयार का झाले. घरी इंटरनेट बंद, तर करायचं काय, म्हणून अकराच्या अकरा घरं माझ्या दुकानात. बायका, आजी, आमचे हे, खात्यातून पाळी संपवून आलेले तीन कारीगर, काचेला नाक लावून उरलेले. कॉम्प्युटरसाठी बूथच्या मागे मी एक खोली घेतली होती, ती एवढीशी. पंखा लागेना, कारण बटणापर्यंत हात पोचेना.

आबा मधोमध, कॅमेऱ्यासमोर. सदरा तोच, आता थोडा चुरगळलेला. त्यांचे हात मांडीवर तयार ठेवलेले होते. मी ते पाहिलं आणि सगळ्यांवर खेकसले, “गप्प बसा!” आबांना ऐकू येत नाही हे विसरूनच.

चित्र आलं. आधी एक खांदा, मग अर्धा चेहरा, मग ती. वाळली होती. खोलीत कोणीतरी “अगंबाई” म्हटलं. तिच्या मागे, अगदी खुर्चीला टेकून, जावई. तो हसून म्हणाला, “नमस्कार! दिसतोय का आम्ही?” आवाज पोचायला उशीर व्हायचा, त्यामुळे त्याचं तोंड बंद झाल्यावर तो बोलायचा.

ती म्हणाली, “बरं आहे सगळं, आबांना सांगा.”

तेच वाक्य. मी सवयीने खडू उचलला. आबांनी माझा हात बाजूला सारला आणि स्वतःचा उजवा हात वर केला, बोट हवेत गोल फिरवलं. चालू आहे का, बरं चाललंय का, अशी ती खूण. तिने उजव्या हाताची दोन बोटं वरच्या ओठावरून फिरवली, मिशी असावी तशी. चित्र थांबलं.

थांबलं ते थांबलंच. ती तशीच, बोटं ओठावर. खोलीत चर्चा सुरू झाली. आजी म्हणाल्या, शिंक येतेय तिला. कोणी म्हणालं, दात दुखत असेल. मी आमच्या यांच्याकडे पाहिलं. ते पुढे सरकून तिच्या बोटांकडे बघत होते. तिन्ही कारीगरही. मी यांना कोपराने ढोसलं, “काय म्हणतेय ती?” हे हळू आवाजात म्हणाले, “शेठ मागे उभा आहे.”

चित्र सुटलं. तिने दोन्ही हातांच्या चिमट्या जवळ आणल्या आणि झटकन दूर नेल्या. धागा तुटला. ही खूण मलाही येत होती. जावई खाली वाकला, मग त्याचा आवाज आला, हसताना, “हे हात काय हलवतेस?” ती म्हणाली, “आबांना नमस्कार करतेय.” आणि तिने मूठ कानाच्या उंचीला नेली आणि सरळ खाली खेचली.

आबा उठले. एवढ्या गर्दीत ते कसे वळले मला माहीत नाही. भिंतीवर आमच्या खोलीची मेन, म्हणजे विजेचा मुख्य स्विच होता, लोखंडी दांड्याचा. त्यांनी एका फटक्यात ती खाली पाडली.

सगळं बंद. स्क्रीन काळी, दिवा गेला, माठातली डबी गेली, अकरा घरांचं गेलं. आणि मी, मला आजही लाज वाटते, आबांवर ओरडले. पाच महिने! वायर, पतंग, माठ, चटणी, आणि मुलगी दिसली तर यांनी मेन पाडली! काय केलंत हे आबा, अक्कल आहे का! मी रडत ओरडत होते. खाडीपलीकडून मासींचा आवाज यायला लागला, “में नथी कर्युं! मारुं तो चालू छे!”

आमच्या यांनी माझं मनगट धरलं. त्यांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, ती खूण खात्यात पहिली शिकवतात, डबा घेऊन येणाऱ्या पोरांनासुद्धा. कोणाचा हात मशिनीत गेला, कोणा बाईचे केस पट्ट्यात गेले, तर तो माणूस ओरडतो आणि कोणाला ऐकू येत नाही. मग ज्याला दिसेल तो ही खूण करतो. आणि ज्याला ही खूण दिसते तो विचारत बसत नाही, कोण, कुठे, काय. तो आधी मेन पाडतो.

आबा अजून दांड्यावर हात ठेवून उभे होते. त्यांनाही तेव्हाच कळलं असावं की मशीन हजार मैलांवर आहे आणि त्यांनी पाडलेली मेन पर्वत पाटियाची आहे. ते हाताकडे बघत म्हणाले, “मना हात आपोआप गया.” मग आमच्या यांच्याकडे वळून म्हणाले, “पोरगी अडकेल शे.”

कोणी काही विचारलं नाही. दुपारच्या गाडीने आबा, आमचे हे आणि एक कारीगर निघाले. आजींनी पुऱ्या बांधून दिल्या. मासी खाडीला वळसा घालून, रिक्षाने, चटणीसकट खमण घेऊन स्टेशनवर आल्या. मी पाटी दिली होती, ती आबांनी परत केली. तिथे लागणार नाही म्हणाले.

पाचव्या दिवशी ते तिला घेऊन परत आले. तो कामाला जाताना बाहेरून कुलूप लावून जायचा, एवढं मी सांगते. बाकी तिने मला सांगितलं ते तिचं आहे, ते इथे लिहिणार नाही.

पुढच्या आठवड्यात ती बूथवर येऊन बसली.  मला तिची माफी मागायची होती. मी म्हटलं, “इतक्या खटाटोपाने तो फोन लावला, आणि तो मध्येच तुटला गं. तुला तिकडे काय वाटलं असेल. तुझं बोलणं पोचलं की नाही, हेसुद्धा कळलं नसेल.”

ती म्हणाली, “कळलं ना. स्क्रीन काळी झाली. तो हसला, म्हणाला, बघ, तुमच्या सुरतचं भंगार नेट, गेलं. मी हो म्हटलं आणि आत जाऊन पिशवी भरायला घेतली. मेन पडली होती, ताई. म्हणजे आबा निघाले होते.”